सांभाळून घेतलेला माणूस

आमच्या नाटकाच्या शेवटच्या अंकात तुरुंगाचं दार वरून खाली यायचं. खरंखुरं लाकडी दार, लोखंडी पट्ट्या ठोकलेलं. राजा त्या दाराच्या बरोबर खाली उभा राहून आपलं भाषण संपवायचा, एक पाऊल पुढे टाकायचा, आणि टाचेला वारा लागावा इतक्या जवळ ते दार त्याच्या मागे धाडकन आदळायचं. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळायच्या. नाटकात मी त्या राजाची आई. विंगेत उभी राहून मी प्रत्येक प्रयोगाला त्या क्षणी डोळे मिटून घ्यायची.

दार सोडणाऱ्या माणसाचं खरं नाव कंपनीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसा सामान लावताना वरून काहीही सोडण्याआधी तो खालच्यांना "सबूर" अशी हाक द्यायचा, म्हणून तो सबूर. रंगमंचाच्या बाजूच्या भिंतीला खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीला एक दोर, आणि तो वर माळ्यावरच्या कप्पीतून जाऊन कशाला ना कशाला बांधलेला. महालाची भिंत, बागेची कमान, समुद्राचा पडदा. समतोलाला वाळूच्या पिशव्या. खुंट्यांपाशी उभं राहिलं की रंगमंच अर्धामुर्धाच दिसतो, म्हणून सबूर कानांनी काम करायचा. अमक्या शब्दाला दोर ढिला, तमक्या शब्दाला घट्ट. रंगाचा, सरसाचा आणि घामाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

त्याच्या शेजारी स्टुलावर त्याची बायको, मांडीवर नाटकाची संहिता घेऊन. वहिनी कंपनीच्या प्रॉम्प्टर होत्या. कुणाचं वाक्य अडलं की त्यांचा आवाज असा यायचा की प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये आणि नटाला मात्र तो आपल्याच डोक्यातून आला असं वाटावं.

"लग्नात 'हो' म्हणायचंसुद्धा हिनंच मला कुजबुजून सांगितलं," सबूर म्हणायचा.

"नाहीतर अजून तिथेच उभे असता," वहिनी म्हणायच्या.

माझ्या तर तो कायम मागे. "आईसाहेब, पुढच्या नाटकात तुम्हाला परी होऊन खाली यायचंय म्हणे. वजन सांगून ठेवा, वाळू मागवायला लागेल."

"वाळूऐवजी तुझं डोकं बांध मेल्या पलीकडे. दगड भरलेत त्यात, वजनाला पुरतील."

आम्हा नाटकवाल्यांचं एक ब्रीद असतं, सांभाळून घ्यायचं. कुणाची तलवार मोडली, मिशी गळाली, वाक्य हरवलं, तर दुसऱ्याने प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही. एकदा एक सेनापती पाय अडकून पालथा पडला, तर शेजारचे दोघे शिपाईही त्याच्याबरोबर पडले, आणि लोकांना वाटलं तिघांना बाण लागले. आम्हाला या गोष्टीचा फार अभिमान होता. सबूरच्या बाबतीतही आम्ही तेच केलं, आणि अगदी मनापासून केलं.

आधी त्याची थट्टा थांबली. ती थांबल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग चहाचा कप हातात धरून तो पार निवेपर्यंत बसून राहायला लागला. चालताना पाय उचलेना, घासत चालायचा. दोराला गाठ मारता मारता मध्येच थांबायचा, पुढचा वेढा कुठून घ्यायचा ते हातांना आठवत नसल्यासारखा. विचारलं तर उत्तर यायचं, पण इतक्या उशिरा की विचारणारा पुढे गेलेला असायचा. तो रडत नव्हता, कुढतही नव्हता. नुसता मंदावत चालला होता.

"झोप लागत नाही का रे?" मी एकदा विचारलं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "डोक्यात कुणीतरी वाळू भरलीय, आईसाहेब."

वहिनी सांगायच्या की पहाटे जाग येते आणि मग ते भिंतीकडे तोंड करून बसून राहतात. बोलत नाहीत, दिवा लावू देत नाहीत.

दार उशिरा यायला लागलं. पहिल्यांदा श्वासभर, मग एका वाक्याइतकं. राजाचं काम करणारा आमचा मुख्य नट, ज्याला आम्ही कंपनीत राजेच म्हणायचो, तो पट्टीचा माणूस. त्याने भाषणाला शेपूट जोडलं. दार येईपर्यंत तो बोलत राहायचा, रेंगाळायचा, मग पाऊल टाकायचा. लोकांना ती जोड आवडली.

"भाषण वाढवलंत का हो राजे?" कंपनीच्या मालकांनी विचारलं.

"आज रंगलं, म्हणून," राजे म्हणाले. मालक समजायचं ते समजले आणि मुकाट्याने हिशेबाच्या खोलीत गेले.

इकडे वहिनींनी आपली तोड काढली. दाराचा शब्द आला की त्या सबूरचं कोपर दाबायच्या. त्यांनी हे राजेंना सांगितलं नाही आणि राजेंनी आपलं शेपूट त्यांच्याशी बोलून ठरवलं नव्हतं. सांभाळून घेतो त्याची वाच्यता करायची नाही, हाही आमच्यातला एक रिवाज.

शेवटी मीच मागे लागले म्हणून दोघं डॉक्टरकडे गेली. मीही बरोबर होते. डॉक्टर वयस्क, सज्जन. त्यांनी सबूरला तीन शब्द सांगितले, छत्री, घोडा, सफरचंद. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाले, "आता ते शब्द सांगा बरं."

सबूर समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत बसला. खोलीत शांतता पसरली. प्रॉम्प्टरला शांतता सोसत नाही. रंगमंचावर पडलेली प्रत्येक शांतता तिच्या नावावर मांडली जाते. वहिनींचे ओठ हलले नाहीत, पण मला ऐकू आलं, "छ".

"छत्री," सबूर म्हणाला.

"घो".

"घोडा." तिसरा तर त्याने आपणहून सांगितला. डॉक्टर लिहीत होते, त्यांना काही कळलं नाही. म्हणाले, "वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम आहे. थकवा दिसतो. विश्रांती घ्या, ताकदीच्या गोळ्या देतो."

बाहेर आल्यावर सबूर म्हणाला, "तू सांगितलंस."

"अडला होतात. मग काय नुसती बघत बसू?"

त्यानंतरच्या एका प्रयोगाला वहिनींना वाटलं, आज तरी दार वेळेवर पडू दे. त्यांनी कोपर जरा आधी दाबलं. सबूरच्या हातांनी त्या दिवशी नेमकी उशीर करायची सवय सोडली. दोर सुटला. आणि राजे, उशिराच्या भरवशावर, अजून दाराच्या वाटेत उभे राहून आपलं जोडलेलं वाक्य म्हणत होते.

माझे डोळे मिटलेले होते. मी फक्त आवाज ऐकला. नेहमीसारखा कोरडा नव्हता, मऊ होता.

राजेंनी वरची कप्पी करकरताना ऐकली होती. ते सरकले, पण त्यांचा पायघोळ लाल झगा दाराखाली सापडला. त्यांनी गळ्याची कडी काढली, झगा तिथेच टाकला आणि पुढे येऊन शेवटचं वाक्य असं काही म्हटलं की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पडदा पडला. दार वर उचललं तेव्हा झगा जमिनीवर पसरला होता, बाह्या दोन्हीकडे फाकलेल्या. खुंट्यांपाशी उभ्या असलेल्या सबूरला तेवढाच दिसला.

राजे आत गेले. त्यांना मिशी काढता येईना, ती मी काढली. मग तोंडावर पाणी मारून ते बाहेर आले आणि सबूरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा, काय सुंदर पडलं दार आज."

"अगदी वेळेवर," मी म्हटलं.

"काही झालेलं नाही," मालक सगळ्यांना दटावून म्हणाले. "हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही."

सबूरने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "झग्यात कोण होता?"

"कुणी नव्हतं रे. नुसता झगा."

"नुसता झगा," तो म्हणाला, आणि त्याने मान हलवली.

चार-आठ दिवसांनी वहिनी माझ्या खोलीवर आल्या. तोंडचं पाणी पळालेलं. "ते विचारतात, त्याला कुठे नेलं."

"कुणाला?"

"दाराखालच्या माणसाला. म्हणतात, तुम्ही सगळे माझ्यासाठी खोटं बोलता, मला कळतं. मी आत आलो की सगळे गप्प होतात. सगळे माझ्याशी गोड बोलतात. कुणी मेल्याशिवाय माणसं इतकी गोड बोलत नाहीत."

त्यात खोटं काय होतं? आम्ही खरंच गप्प होत होतो. खरंच गोड बोलत होतो.

यावर मालकांनी काढलेला उपाय नाटकवालाच काढू शकतो. सगळी कंपनी रंगमंचावर उभी करायची आणि सबूरला दाखवायची. एकेकाने पुढे येऊन सांगायचं, हा मी, इथे आहे. राजेंनी तोच झगा शिवून घालायचा. त्याची आम्ही सकाळी तालीमही केली. कुणी कुठे उभं राहायचं ते ठरलं, राजेंवर जरा जास्त प्रकाश ठेवला.

दुपारी वहिनी सबूरला घेऊन आल्या. रिकाम्या खुर्च्यांमधून तो पाय घासत पुढे आला. आम्ही एकेक जण पुढे होऊन बोललो. शेवटी राजे त्याच्यासमोर आले. "हा बघ मी. तुझं दार पडलं तेव्हा झगा माझ्याच अंगावर होता. जिवंत आहे की नाही?"

सबूरने त्यांच्या गालाला हात लावला, बराच वेळ. मग म्हणाला, "चांगलं बसवलंत. आवाजसुद्धा तोच. पाठांतर पक्कं आहे."

तो माझ्याकडे वळला. "आईसाहेब, त्याच्या आईला तरी खरं सांगितलंत ना?"

मी आयुष्यभर रंगमंचावर वाक्य विसरले नाही. तेव्हा मात्र मी तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून त्याने खाणं सोडलं. तोंडाशी आणलेला घास तो हळूच बाजूला करायचा. हा दुसऱ्याच्या वाटचा, म्हणायचा. मग पाणीही नको झालं. वहिनींनी परगावच्या मुलीला कळवलं. ती शाळेत गणित शिकवायची. नाटकाचा तिला लहानपणापासून कंटाळा. ती आली, बापाच्या मनगटाला हात लावला आणि आमच्याकडे वळली.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून हे काय चालवलंय?"

"अगं, आम्ही त्यांना जपतोय," वहिनी म्हणाल्या.

"जपताय? आरशासमोर उभं करून दाखवा त्यांना, बाबांचा अर्धा भाग उरलाय. उठा. मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आत्ता."

तिथल्या मेंदू-मनाच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी वहिनींना बाहेर पाठवलं. "मुलगी थांबू दे. तुम्ही बाहेर बसा, बाई."

आम्ही दोघी बाकावर बसलो. दाराआड शांतता होती, संपता संपेना. वहिनींचे ओठ आपोआप हलत होते. काय सांगायचं ते ठाऊक नव्हतं, तरी हलत होते.

आत काय झालं ते मुलीने मागून सांगितलं. तेच तीन शब्द सांगणं आणि विचारणं, शब्द निराळे. सबूर "माहीत नाही" म्हणाला. काहीही विचारलं तरी "माहीत नाही". पण डॉक्टरीणबाई पुढच्या प्रश्नाकडे गेल्याच नाहीत. खुर्चीत मागे टेकून थांबल्या. मुलीला ओरडावंसं वाटायला लागलं. आणि मग विहिरीतून बादली वर यावी तसा एक शब्द आला, "पूल". आणखी खूप वेळाने दुसरा. तिसराही आला.

मग त्यांनी आम्हाला बोलावून समजावलं. "विसरण्याचा आजार असलेला माणूस बहुधा काहीतरी ठोकून देतो, झाकायला बघतो. हे झाकत नाहीत, सरळ माहीत नाही म्हणतात. आणि वेळ दिला की उत्तर येतं. म्हणजे आठवणी जागेवर आहेत. हे खोल गेलेलं नैराश्य आहे. उदास वाटणं एवढाच हा आजार नसतो. मेंदूचा वेग पडतो. विचार, लक्ष, हालचाल, सगळं जड होतं. फार काळ असंच राहिलं तर आठवणी राखणारा मेंदूचा भाग आकसायलाही लागतो."

"आणि ते दाराखालचा माणूस म्हणतात तो?" वहिनींनी विचारलं.

"तो भ्रम. हा आजार माणसाला सांगत राहतो की तू अपराधी आहेस. मग माणूस अपराध शोधतो." त्या जरा थांबल्या. "याआधी कुणाला दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "शब्द मी सांगितले."

डॉक्टरीणबाईंनी त्यावर टीका केली नाही. पुढे जे सांगितलं त्याने आमच्या पाचावर धारण बसली. सबूरने त्यांना शांतपणे सांगितलं होतं की आता दाराखाली आपण जायचं, म्हणजे फिटलं. त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. गोळ्यांना काही आठवडे लागतात, आणि पाणीही न पिणाऱ्या माणसापाशी तेवढे आठवडे नसतात. विजेचे उपचार करावे लागतील.

"शॉक?" वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"भूल देऊन. त्यांना काही कळत नाही, अंगालाही झटके जाणवत नाहीत. थोडा वेळ वीज दिली की मेंदूत एक लाट उठते. आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे. अशा अवस्थेत याहून लवकर काम करणारं माझ्यापाशी काही नाही."

"विसरतील ते?"

"काही गोष्टी विसरतील. बहुतेक या आजारपणाच्या आसपासच्या. पुष्कळ परत येतात. सगळ्या येतील असं वचन मी देणार नाही."

बाहेर येऊन वहिनी भिंतीला टेकल्या. "जन्मभर मी कुणाला काही विसरू दिलं नाही," त्या मला म्हणाल्या. "आता मीच हो म्हणू? त्या विसरण्यात मीच पुसली गेले तर?"

मी तोंड उघडणार होते. काहीतरी गोड बोलणार होते. मुलीने मला हातानेच थांबवलं.

"आई, तुला बाबांचं सगळं आठवेल आणि बाबाच नसतील. ते चालेल?"

वहिनी आत गेल्या आणि हो म्हणाल्या.

सकाळी उपाशीपोटी त्याला ढकलगाडीवरून न्यायचे. दार बंद व्हायचं, वहिनी दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या. थोड्या वेळाने तो बाहेर यायचा, डोकं धरून, आपण कुठे आहोत ते न कळता. पहिल्या काही वेळा काहीच बदललं नाही. सलाइनच्या नळीवर तो तगून होता. मी मनातल्या मनात त्याच्यामागे काय काय करावं लागेल त्याची जुळवाजुळव सुरू केली होती, हे इथे सांगितलेलं बरं.

मग एका सकाळी परिचारिकेने चहा दिला. सबूरने एक घोट घेतला, कपात पाहिलं आणि म्हणाला, "यात भांडी धुतलीत का?"

परिचारिका बिचारी रागावली. वहिनी पदर तोंडाशी धरून बाहेर धावल्या आणि बाकावर बसून हमसून हमसून रडल्या.

हळूहळू त्याचे पाय उचलायला लागले. उत्तरं विचारणाऱ्याला गाठायला लागली. दाराखालचा माणूस पुसट होत गेला. "असं वाटत होतं खरं मला," तो म्हणायचा, दुसऱ्या कुणाचं स्वप्न ऐकल्यासारखा. पण दार पडलेला दिवस त्याला आठवेना, त्याच्यासाठी आम्ही रंगमंचावर लावलेली ती रांगही नाही. आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात ही दोघं समुद्रावर राहून आली होती, तेही गेलं. तेवढं परत आलं नाही.

"मजा आली होती?" त्याने वहिनींना विचारलं.

"आली होती."

"मग तुझ्यापाशी राहू दे."

घरी आल्यावर त्याने राजेंना बोलावून विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं. डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली होती, खरं ते सांगा, साखर लावू नका. राजेंनी पहिल्यांदाच न सजवता सांगितलं. "मी मरता मरता वाचलो. वहिनींनी कोपर आधी दाबलं, तू दोर सोडलास, मी नको तिथे रेंगाळत होतो. तिघांचा गाढवपणा."

सबूरने ते मनात तोलून पाहिलं. "हं," तो म्हणाला. त्यात आमचा दोष होता म्हणूनच त्याला ते खरं वाटलं असावं.

तो कामावर परत आला. दार आता सबूर आणि आणखी एकजण मिळून सोडायचे आणि राजे एक पाऊल अलीकडे उभे राहायचे. पुढच्या रांगेतल्या बायका पूर्वीसारख्या किंचाळत नव्हत्या. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, हा आजार परतू शकतो, आणि परतला तर आधी वेग पडेल.

एक-दोन हंगाम बरे गेले. त्याने मला पुन्हा वजन विचारलं. मग एका नव्या नाटकाचा प्रयोग होता. माझ्या वाक्याला आकाशात चंद्र चढायचा. मी वाक्य म्हटलं. चंद्र आला नाही.

मी अंधाराकडे तोंड करून उभी होते. जिभेवर दोन सुंदर वाक्यं तयार होती; ती म्हटली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी ती म्हटली नाहीत. विंगेतून वहिनींचाही आवाज आला नाही. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणी. मग कप्पी करकरली आणि चंद्र चढला.

प्रयोग संपल्यावर मी साज न उतरवता खुंट्यांपाशी गेले. राजेही आले.

"उशीर झाला, सबूर," मी म्हटलं.

"किती?"

"लोक खोकायला लागले."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने वहिनींना म्हणाला, "हल्ली पहाटे जाग येते."

"मला बोलला नाहीत."

"आता बोलतोय."

"सकाळी गाडी मी काढतो," राजे म्हणाले. "वहिनी, उपाशीपोटी न्यायचं का ते विचारून ठेवा."

सबूर दोराला गाठ मारायला लागला. मध्येच थांबला. वेढा सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. कुणीही त्याच्या हातातून दोर घेतला नाही, आणि काही नाही होत, असंही कुणी म्हटलं नाही. आम्ही तिथेच उभे राहिलो, गाठ पूर्ण होईपर्यंत.